दर रविवारी एक बादली

शेजारच्या बिऱ्हाडाची नागपूरला बदली झाली, तेव्हा जाताना त्यांनी दोन गोल्डफिश, दोन फुटांचा काचेचा टँक, अर्धी संपलेली खाद्याची डबी आणि एक विचित्र नळी एवढी इस्टेट आमच्या स्वाधीन केली. त्या नळीचे एक टोक म्हणजे मनगटाएवढे रुंद, पारदर्शक प्लॅस्टिकचे नळकांडे होते आणि त्याला बोटाएवढ्या जाडीची पाच-सहा फूट लांबीची मऊ नळी जोडलेली होती. ‘‘खाली खडे आहेत ना, त्यांच्यासाठी,’’ एवढेच सांगून गृहस्थ सामानाच्या ट्रकमागे निघून गेले आणि मी ती नळी माळ्यावर टाकून दिली.

पहिले दोन महिने मी टँक साफ केला तो घरातला पाण्याचा पिंप घासावा तसा. मासे बादलीत, सगळे पाणी मोरीत, खडे चाळणीत घालून नळाखाली खळखळून धुतलेले आणि काच मीठ लावून घासलेली. संध्याकाळी टँक असा लखलखत असे की आल्यागेल्याला मी तो आवर्जून दाखवीत असे. तिसऱ्या दिवशी मात्र पाणी दुधट होई आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करीत राहत. आपल्या धुण्यातच काही कमतरता राहिली असावी, असे समजून मी पुन्हा सगळे धुऊन काढी.

चूक कळली ती मासे विकणाऱ्या दुकानदाराकडून, आणि त्याने ती जरा रागानेच सांगितली. माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि न खाल्लेल्या दाण्यांतून पाण्यात अमोनिया येतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे त्या नायट्राइटचे नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ माशांना थोड्या प्रमाणातही घातक असतात, तर तिसरा बराच साठेपर्यंत ते सोसू शकतात. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, ते खड्यांच्या अंगाला आणि फिल्टरच्या स्पंजला चिकटून राहतात, म्हणजे नेमके त्याच ठिकाणी जिथे माझा नळ सर्वांत जोरात चालत होता. त्यातून गोल्डफिशला जठर नसते. खाल्लेले त्याच्या पोटातून भराभर पुढे सरकते आणि घाण भरपूर होते. दुकानात शेजारीच एक काका, काच चाटून साफ करील म्हणून, बोटाएवढा सकर मासा विकत घेत होते. त्यांना मी काही बोललो नाही. पण तो मासा फूटभराच्या पुढे वाढतो, आणि काच चाटून झाल्यावर तोही खाली घाणच टाकतो.

माळ्यावरून नळी खाली उतरली ती त्यानंतर. तिचे काम पाहताना मला अजून दर वेळी गंमत वाटते. नळकांडे खड्यांत खुपसले की पाण्याबरोबर खडेही वर उसळतात, थोडे उंच जाऊन तिथेच घुटमळतात आणि परत खाली बसतात. त्यांच्यातून सुटलेला तपकिरी गाळ मात्र धुरासारखा वर चढत बारीक नळीत शिरतो. यात जादू काहीच नाही. नळकांड्याचा व्यास नळीच्या चौपट असल्यामुळे त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ सोळापट होते, आणि तेच पाणी सोळापट रुंद वाटेने जात असल्याने त्याचा वेग सोळाव्या हिश्शावर येतो. त्या मंद वेगाला खडा पेलवत नाही, गाळ पेलवतो. खडे जागेवर राहतात, त्यांच्यावरची जिवाणूंची वस्तीही बव्हंशी शाबूत राहते. तरीही मी एका रविवारी टँकचा डावा अर्धा भाग घेतो आणि पुढच्या रविवारी उजवा. स्पंज महिन्यातून एकदा, तोही काढलेल्या पाण्यातच पिळून घेतो, नळाखाली नाही.

नळी सुरू करण्याची विद्या मात्र मला नाइलाजाने शिकावी लागली. स्कूटरचे पेट्रोल वाटेत संपले की मित्राच्या टाकीतून नळीने तोंडाने ओढून घेण्याचा काळ मी पाहिलेला आहे, त्या अनुभवावर विसंबून मी पहिल्यांदा तोंडच लावले. पेट्रोलची चव बरी म्हणावी लागेल. आता मी नळकांडे आडवे बुडवून पाण्याने भरतो, तोंड वर करून उचलतो, पाणी नळीत उतरू लागले की चटकन पुन्हा बुडवतो. बादली टँकपेक्षा खाली असली म्हणजे पुढचे गुरुत्वाकर्षण पाहून घेते. मासा कुतूहलाने फार जवळ आला की अंगठ्याने नळी दाबून धरायची. एकदा दाराची घंटा वाजली म्हणून मी दोन मिनिटे उठलो, तेवढ्यात नळीचे टोक बादलीतून निसटले आणि दिवाणखाना, सतरंजी व सोफ्याखालची जुनी वर्तमानपत्रे यांना माशांचे स्नान घडले. तेव्हापासून दोरीवरचा कपड्यांचा एक चिमटा बादलीच्या काठाला कायमचा नेमून दिला आहे.

आमचा टँक 60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद आणि 30 उंच, म्हणजे काठोकाठ 54 लिटरचा. खडे आणि वरची मोकळी जागा वजा केली तर पाणी साधारण 45 लिटर राहते आणि त्याचा पाव हिस्सा म्हणजे जेमतेम एक बादली. ही बादली दर आठवड्याला निघावी लागते, कारण नायट्रेट तिच्याशिवाय बाहेर पडत नाही. समजा, आठवड्याला त्याचे दहा भाग पाण्यात येतात. दर वेळी पाव काढत गेले तर साठा वाढत वाढत चाळीस भागांपाशी येऊन थांबतो, कारण चाळीसचा पाव दहाच. एक आठवडा चुकवला की हिशेब लगेच पन्नासावर जातो.

काढले तेवढे पाणी परत भरताना नगरपालिकेच्या क्लोरीनचा बंदोबस्त करावा लागतो. बादली आदल्या दिवशी भरून ठेवली तर क्लोरीन उडून जातो. विसरलो तर हायपोचे दोन-चार खडे विरघळवून घालतो. हे सोडियम थायोसल्फेट. कधीकाळी फोटोच्या डार्करूममध्ये हेच रसायन वापरीत. मग हात घालून पाहायचे की दोन्ही पाण्यांत थंड-कोमटाचा फरक नाही ना, आणि तांब्या-तांब्याने, काचेच्या कडेने सोडायचे.

राहता राहिली ती बादलीभर तपकिरी पाण्याची विल्हेवाट. नायट्रेट म्हणजे झाडांचे खतच, तेव्हा मोरीत ओतणे मला पटेना आणि मी ती बाल्कनीत नेली. आईने वाटेतच अडवले. ‘‘तुळशीला माशांचे पाणी घालायचे नाही,’’ ती म्हणाली, ‘‘त्या कढीपत्त्याला घाल हवे तर.’’ कढीपत्ता दोन वर्षांत कठड्याच्या वर गेला आहे. गुरुवारच्या उपवासानंतरच्या वरणाच्या फोडणीसाठी आई त्याचीच पाने तोडते, आणि त्या बाबतीत मीही तिला काही विचारत नाही.