हा लाँग बेची बोट आणि आईंच्या व्हिसातलं मधलं नाव

बोटीवरची रात्र सुंदर होती, ते लिहितेच. पण आधी व्हिसाबद्दल, कारण ते दिवस आठवले की माझं डोकं अजूनही तापतं.

मेच्या सुट्टीत मी, नवरा, लेक आणि सासूबाई असे आम्ही चौघं मुंबईहून व्हिएतनामला, हनोईला जाणार होतो आणि तिथून 'हा लाँग बे' नावाच्या तिथल्या उपसागरात एक रात्र बोटीत. तिकिटं, हॉटेल, बोट, सगळं जानेवारीतच झालं. मार्च एंडच्या गडबडीत ई-व्हिसा मात्र एका एजंटकडे दिला. सरकारी फी माणशी २५ डॉलर, वर त्याचे दीड हजार.

२८ एप्रिलला रात्री प्रिंट काढून पासपोर्टशेजारी ठेवल्या. आईंच्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये त्यांचं आणि बाबांचं, अशी दोन्ही नावं आहेत. आपल्याकडे बहुतेकांची असतात. व्हिसावर बाबांचं नावच नव्हतं! एजंट म्हणाला, "ताई, मधलं नाव कोण बघतंय? चालून जातं." म्हटलं, "नाही चाललं तर?" तर म्हणे, "मग एअरपोर्टवर बघू." एकाहत्तर वर्षांच्या बाईला रात्री काउंटरवर उभं करून काय बघणार होता हा?

त्याच रात्री व्हिएतनाम सरकारच्या साइटवर मी स्वतः नवा अर्ज भरला. फोटो बिनचष्म्याचा लागतो, म्हणून अकरा वाजता स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या भिंतीशी आईंना उभं केलं. उतरण्याच्या ठिकाणी नोई बाय विमानतळ निवडायचा, तो हनोईचा. फी पुन्हा भरली. मुदत तीन कामाच्या दिवसांची, पण ३० एप्रिल आणि १ मे तिथे राष्ट्रीय सुट्ट्या, शुक्रवारही जोडून दिलेला, पुढे शनिवार-रविवार. आमचं विमान ७ तारखेचं. रोज साइटवर अर्जाचा कोड, ईमेल, जन्मतारीख टाकून बघायचं आणि रोज तेच, प्रक्रिया सुरू आहे. चौथ्या दिवशी आई म्हणाल्या, "तुम्ही तिघं जा गं, मी वन्संकडे राहते." भरलेल्या बॅगेतून त्यांनी आपली शाल काढून घडी करून कपाटात ठेवली होती. ते बघून मला रडू आलं.

६ तारखेला दुपारी लोकलमध्ये, घाटकोपर सुटल्यावर, मंजुरी दिसली. नाव अक्षर अक्षर लावून वाचलं आणि मगच घरी फोन केला. म्हणून सांगते, अर्ज स्वतः भरा, नाहीतर निदान पाठवण्याआधी भरलेला फॉर्म मागून घ्या. आणि निघायच्या तारखेच्या आसपास त्यांच्या सुट्ट्या कधी आहेत ते बघा.

हनोईहून बंदरापर्यंत गाडीने अडीच तास. मोठ्या बॅगा हनोईच्या हॉटेलातच ठेवा, केबिन लहान असते. बोटीवर नोंदणीसाठी मूळ पासपोर्ट घेतले. तिथल्या मुलीने यादीवर बोट ठेवून आईंचं नाव वाचलं, अडखळत, पण बाबांच्या नावासकट. मला फार बरं वाटलं.

चुनखडीचे लाखो वर्षं झिजलेले सुळके हिरव्या पाण्यातून सरळ वर आलेले, १९६९ बेटं. तितॉप बेटाच्या चारेकशे पायऱ्या लेक धावत चढली. ते नाव सोव्हिएत अंतराळवीर तितोव्हवरून पडलंय, तो १९६२ मध्ये तिथे आला होता. आई खाली किनाऱ्यावर बसल्या. रात्री नांगर टाकून इंजिन बंद झालं, तेव्हा लाकडावर पाणी चापट मारल्यासारखं वाजत होतं, तेवढाच आवाज. पहाटे पाचला जाग आली तर आई डेकवर, तीच शाल पांघरून, सुळक्यांमधून उजाडताना बघत होत्या. मला बघून नुसतं शेजारी बसायला खुणावलं.

शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच लिहून कळवा आणि माशाचा सॉस नको हेही वेगळं सांगा, तो भाज्यांतही घालतात. आम्ही मेतकूट नेलं होतं, गरम भातावर कामी आलं. जुलै ते सप्टेंबर वादळांचा काळ, तेव्हा बंदरातून बोटी सोडतच नाहीत असंही होतं. ते महिने टाळा.