ओल, वजन आणि दोन बंक: आमची कॅरॅव्हॅन खरेदी

लेक डिस्ट्रिक्टला तंबूत दुसऱ्या रात्री पाणी शिरलं, तेव्हा धाकटा साडेचार वर्षांचा होता आणि त्याच्या अंगात ताप होता. पहाटे तीनला दोन्ही मुलांना गाडीच्या मागच्या सीटवर झोपवलं आणि मी नि नवरा पुढे बसून उजाडायची वाट बघत राहिलो. तंबू आम्हाला मनापासून आवडायचा. हॉटेलच्या एका खोलीत चौघांनी कोंडून घेण्यापेक्षा शेताच्या कडेला राहणं, मुलांनी चिखलात पाय भरवून येणं मला केव्हाही जास्त प्रिय. पण त्या पहाटे ठरलं, पुढच्या उन्हाळ्यात डोक्यावर पक्कं छप्पर हवं.

आम्ही इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्सला राहतो. मोटरहोमचा, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या घराचा, विचार आठवड्याभरात मागे पडला. तिला स्वतंत्र विमा, रोड टॅक्स, एमओटी म्हणजे गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी, आणि नुसतं दूध आणायला जायचं तरी सगळं घर हलवायचं. ट्रेलर टेंट, म्हणजे गाडीमागे ओढायचा घडीचा तंबू, स्वस्त होता, पण ओलं कापड घरी आणून वाळत घालायला जागा कुठली? कॅरॅव्हॅन म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर. तिला इथे ना रोड टॅक्स लागतो ना एमओटी, आणि एकदा जागेवर उभी केली की गाडी फिरायला मोकळी.

लायसन्सची मला धास्ती होती. 1 जानेवारी 1997 पासून ज्यांनी इथे गाडीची परीक्षा दिली, त्यांना मोठी कॅरॅव्हॅन ओढायला पूर्वी वेगळी परीक्षा द्यावी लागे. भारतातून येऊन इथलं लायसन्स काढलेले आम्ही बहुतेक सगळे याच गटातले. 16 डिसेंबर 2021 पासून ती अट गेली आणि साध्या लायसन्सवर 3,500 किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. परीक्षा गेली म्हणून शिकणं टाळायचं नाही, एवढं मात्र आम्ही ठरवलं आणि कॅरॅव्हॅनवाल्यांच्या एका क्लबच्या शिकवणीला एक दिवस गेलो. कॅरॅव्हॅन मागे घेताना स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरवायचं असतं, ते वाचून कळत नाही, हातालाच कळावं लागतं.

फेब्रुवारीत बर्मिंगहॅमच्या एनईसी या प्रदर्शन केंद्रात कॅरॅव्हॅनचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे गेलो. सहा जणांची एक होती, मागे दुमजली बंक म्हणजे एकावर एक बिछाने, मध्ये चौघांचं टेबल, पुढे ऐसपैस सोफा. मुलगी वरच्या बंकवर चढली, पडदा ओढून घेतला आणि आतूनच म्हणाली, "आई, मी आता इथेच राहणार." नवऱ्याचाही जीव पडला. "आई येईल, ताई तिच्या मुलांना घेऊन येईल, सगळे मावतील." किंमत सव्वीस हजार पौंडांच्या वर होती. ती कर्जाने भागली असती. भागलं नसतं ते वजनाचं.

घरी आल्यावर टॉर्च घेऊन गाडीचं दार उघडलं. दाराच्या खांबावर एक पट्टी असते, तिच्यावर चार आकडे. पहिला, माणसं-सामानासकट गाडीचं कमाल वजन: आमचं 2,020 किलो. दुसरा, गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजन: 3,620. उरलेले दोन पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचे. दुसऱ्यातून पहिला वजा केला की ओढायची मर्यादा निघते, म्हणजे आमची 1,600. पट्टीवर हा दुसरा आकडा नसेल तर ती गाडी ओढण्यासाठी नाहीच, हे मला त्या रात्रीपर्यंत ठाऊक नव्हतं.

प्रदर्शनातली ती कॅरॅव्हॅन भरल्यावर 1,500 किलोची. कायद्यात बसत होती, म्हणून नवरा खूश झाला. पण आमच्या गाडीचं स्वतःचं रिकामं वजन 1,480. इथे क्लबवाले आणि मुरलेली माणसं सांगतात की नवशिक्याने गाडीच्या रिकाम्या वजनाच्या 85 टक्क्यांपर्यंतच कॅरॅव्हॅन घ्यावी, आणि मुरलेल्यानेही 100 टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. 1,480 चे 85 टक्के म्हणजे 1,258. कारण साधं आहे. मोटरवेवर शेजारून मोठा ट्रक गेला की हवेचा झोत आधी ढकलतो, मग ओढतो. मागचं धूड गाडीपेक्षा जड असेल तर ते डुलायला लागतं आणि गाडीलाही डोलवतं. मागच्या सीटवर माझी दोन मुलं बसणार होती. त्या आकड्यावर मी अडून बसले. दोन दिवस घरात अबोला होता, तिसऱ्या दिवशी नवऱ्याने स्वतःच वहीत 1,258 लिहून त्याला चौकट केली. त्या चौकटीमुळे निवड फार सोपी झाली, कारण चारपैकी तीन कॅरॅव्हॅन बघायच्या आधीच गळू लागल्या.

आता नव्या सोडून जुन्या बघू लागलो. मार्च-एप्रिलमध्ये सात पाहिल्या. त्यातली चौथी मला कायमची लक्षात राहील.

आमचं माहेर चिपळूणचं. जुलैत आमच्या माजघराच्या मागच्या भिंतीला ओल धरायची, पोपडे निघायचे, आणि कपाट उघडलं की गोधड्यांना तो कुबट वास. ही चौथी बाहेरून चकचकीत, आत शिरताच लव्हेंडरचा घमघमाट, आणि त्या घमघमाटाखाली तोच वास. नवऱ्याला येत नव्हता. मी पुढच्या खिडकीखालची गादी उचलली, खालची फळी काढली आणि आतल्या कोपऱ्यात अंगठा दाबला. भिंतीवरचा कागद कोरा करकरीत, डाग नाही, सुरकुती नाही. पण अंगठा आत गेला. पावसात अंगणात राहिलेला पुठ्ठ्याचा खोका दाबल्यावर जातो तसा. विकणाऱ्याने सांगितलं, थंडीत बंद असते, थोडं दव धरतं. आम्ही वीस पौंडांचं ओल मोजायचं यंत्र नेलं होतं. मधल्या भिंतीला 11 टक्के दाखवत होतं, त्या कोपऱ्यात 34. साधारण 15 पर्यंत निर्धास्त, 20 च्या वर गेलं की चौकशी करायची, आणि 30 च्या वर म्हणजे आतलं लाकूड कुजायला लागलेलं असू शकतं. जुन्या कॅरॅव्हॅनचा सांगाडा लाकडी असतो, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि सांध्यांवर पट्टी बसवून खाली पाणी अडवणारं सीलंट भरलेलं. ते सीलंट वयानं सुकतं, चिरतं, आणि पाणी आतल्या आत लाकडात झिरपत राहतं. वरचा कागद शेवटपर्यंत काही सांगत नाही. म्हणून कुणी जुनी कॅरॅव्हॅन बघायला निघालं की मी सांगते, आधी गाद्या उचला, कपाटांचे कोपरे, खिडक्यांच्या खालच्या बाजू, छताचे सांधे हातानं चाचपा. पडदे नि फ्रिज नंतर बघा.

सहावीने आम्हाला धरून ठेवलं. पंधरा वर्षं जुनी, चार जणांची, मागे कायमचे दोन बंक, भरल्यावर कमाल 1,250 किलो. मालक वयस्कर जोडपं. त्यांनी फाइल पुढे ठेवली. दरवर्षीची सर्व्हिस, आणि प्रत्येक सर्व्हिसला कॅरॅव्हॅनच्या नकाशावर कोपऱ्या-कोपऱ्यात लिहिलेले ओलीचे आकडे. सगळे 10 ते 14 मध्ये. आमच्या यंत्रानेही तेच सांगितलं.

मग मी त्या बाईंना विचारलं, आम्ही इथे अर्धा तास नुसते राहून बघू का? त्यांनी आनंदाने किल्ली दिली आणि घरात गेल्या. आम्ही तिथली एक संध्याकाळ खोटीखोटी खेळून पाहिली. मी शेगडीसमोर उभी राहून पोळ्या लाटायची जागा शोधली. नवरा सोफ्यावर आडवा झाला, तो पाच फूट अकरा इंच, सोफा सहा फूट, पाय पुरले. मुलांना बंकवर पाठवून मधला पडदा ओढला आणि आम्ही पुढे दिवा लावून हळू आवाजात बोललो. हीच खरी परीक्षा होती. ज्या कॅरॅव्हॅनमध्ये टेबल मोडून रोज रात्री मुलांची गादी घालावी लागते, तिथे मुलं आठला झोपली की मोठ्यांनीही अंधारात बसायचं. कायमच्या बंकमुळे मुलांची झोप आणि आमची संध्याकाळ वेगळी राहते. पावसाच्या दिवशी मुलं खेळ पसरून ठेवू शकतात. मध्येच धाकट्याला शू लागल्याचं नाटक करायला सांगितलं, तर बाथरूम बंकच्या शेजारीच, आम्हाला ओलांडायला नको.

वरच्या बंकला कठडा होता, पण शिडीचा हूक सैल. तो नवा बसवून घेतला. टायरच्या कडेला चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी नवीकोरी दिसत होती पण टायर आठ वर्षांचे. कॅरॅव्हॅन वर्षातले बरेच महिने उभीच असते, त्यामुळे टायर झिजत नाहीत, वयानं तडकतात. पाच वर्षांनी बदलावेत, सातच्या पुढे नाहीच, असं इथे सांगतात. त्यासाठी किंमत कमी करून मिळाली. खिडक्यांवर कोरलेला सतरा अंकी नंबर कागदाशी जुळवला आणि क्रिसकडे, म्हणजे कॅरॅव्हॅनच्या नोंदणी संस्थेकडे, चोरीची किंवा कर्जातली नाही ना हे तपासलं. कॅरॅव्हॅनला स्वतःची नंबरप्लेट नसते, ओढणाऱ्या गाडीचाच नंबर मागे लागतो, म्हणून ही तपासणी चुकवू नये. 6,200 पौंडांना सौदा झाला.

पुढचा धडा सामानाचा. रिकामी 1,085, कमाल 1,250, म्हणजे हाताशी 165 किलो. ऐकायला भरपूर. पण हातानं न ढकलता जागेवर हलवायची मोटर 32, बॅटरी 22, प्रोपेनचा सिलिंडर भरून 15, बाहेर लावायचा कापडी मांडव म्हणजे ऑनिंग 28. उरले 68. त्यात चौघांची पांघरुणं, कपडे, खुर्च्या, कुकर, डाळ-तांदूळ. पहिल्यांदा मी घरचं स्वयंपाकघरच भरलं होतं, नवऱ्याने एकेक वस्तू वजनकाट्यावर ठेवून निम्मी परत काढली. पिण्याच्या पाण्याचा पिंप रिकामाच न्यायचा, जागेवर भरायचा. जड ते सगळं खाली आणि चाकांच्या वर, म्हणून तांदळाचा डबा मधल्या कपाटाच्या तळाशी. मागच्या टोकाला, बंकवर, फक्त उश्या. कॅरॅव्हॅन गाडीला जोडायच्या हुकावर पडणारं वजन कॅरॅव्हॅनच्या एकूण वजनाच्या 5 ते 7 टक्के हवं, आमच्या गाडीची मर्यादा 75 किलो. ते मोजायला बाथरूमचा वजनकाटा आणि लाकडाचा ठोकळा पुरतो.

आमच्या सोसायटीच्या खरेदीखतात दारात कॅरॅव्हॅन उभी करायला मनाई आहे, हे मी बयाणा देण्याआधी वाचलं हे बरं झालं. सहा मैलांवर राखणदार असलेल्या आवारात जागा घेतली, महिन्याला 45 पौंड. हा खर्च पहिल्या दिवसापासून हिशोबात धरायला हवा.

सासूबाई जूनमध्ये आल्या. चार जणांची घेतली याची मला मनातून चुटपुट होती. त्यांनी आत येऊन सगळी कपाटं उघडून पाहिली, पुढच्या सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "ही जागा माझी." आम्ही दोघं ऑनिंगमध्ये टांगायच्या आतल्या तंबूत झोपलो. "मी वाटेत इथेच आडवी होते गं, गाडीत पाय अवघडतात," असंही त्या म्हणाल्या. चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये कुणालाच बसता येत नाही, हे त्यांना समजावलं आणि दर तासाला थांबलो. कॅरॅव्हॅन लावली की मोटरवेवर ताशी 60 मैलांची मर्यादा, मध्ये दुभाजक नसलेल्या रस्त्यावर 50, आणि तीन लेनच्या मोटरवेवर सगळ्यात उजवी लेन वर्ज्य. नॉरफोकला पोचायला चार तास लागले.

शेतकऱ्याच्या एका रानात उतरलो. क्लबच्या सभासदांसाठी असलेल्या अशा छोट्या जागांवर एका वेळी पाचच कॅरॅव्हॅन घेतात. विजेचं कनेक्शन 10 अँपिअरचं, म्हणजे साधारण 2,300 वॉट. घरची किटली एकटीच तेवढी खाते. मिक्सर 750 चा, तो किटली बंद करून लावायचा. सासूबाईंनी चटणी वाटली आणि शेजारच्या कॅरॅव्हॅनमधल्या आजींना वाटीभर नेऊन दिली.

रात्री अकराला पाऊस आला. छपरावर आधी थेंब मोजता येत होते, मग नुसता गजर. मी तंबूतून उठून आत गेले. सासूबाई जाग्या होत्या. "पत्र्यावरचा पाऊस," एवढंच म्हणाल्या. पडद्यामागे मुलं गाढ झोपली होती, धाकट्याचा एक पाय बंकच्या बाहेर. मी टॉर्च लावला नाही. खिडकीखालच्या कपाटात हात घातला, कोपऱ्यापर्यंत नेला आणि थोडा वेळ तिथेच ठेवला. कोरडं होतं. धाकट्याचा पाय आत घेतला आणि तंबूत येऊन झोपले.