उजवा रकाना

शाळेच्या अमृत महोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी कोर्टात होतो. सेशन्स कोर्टात स्टेनो म्हणून माझी ३२ वर्षं गेली. साक्षीदार बोलतो, साहेब डिक्टेशन देतात, मी टाइप करतो. त्या दिवशी पिंजऱ्यातला साक्षीदार म्हणाला, "आरोपी पळत होता, मला वाटलं त्यानंच मारलं असणार." वकील ताडकन उठले. साहेब म्हणाले, "तुम्हाला काय वाटलं ते नको. काय दिसलं ते सांगा." माझी बोटं थांबली आणि आठवीचा वर्ग डोळ्यांपुढे आला. हे वाक्य मी पहिल्यांदा तिथे ऐकलं होतं. फक्त ते सांगणाऱ्या बाई 'वाटलं ते नको' असं कधीच म्हणाल्या नाहीत.

मी १९८४ च्या एसएससी बॅचचा. बाई आम्हाला मराठी शिकवायच्या आणि इतिहासही. त्यांनी आमच्याकडून एक शंभर पानी वही करून घेतली होती. प्रत्येक पानावर मधोमध पट्टीनं रेघ. डाव्या रकान्यावर 'दिसलं', उजव्यावर 'वाटलं'. सुट्टीत काय केलंस, शेजारी भांडण झालं, नळावर काय झालं, सगळं असं चिरून लिहायचं. आम्हाला वैताग यायचा. एकदा मागच्या बाकावरून कुणी तरी म्हणालं, "बाई, चटणीपण वाटतात." बाई हसल्या आणि तास त्यावरच गेला. वाईट वाटणं, भीती वाटणं आणि 'मला वाटलं तू येणार नाहीस' म्हणणं, तिन्हीला आपण एकच क्रियापद वापरतो. मनातली भावना कुठे संपली आणि अंदाज कुठे सुरू झाला, हे आपल्याला बोलताना कळतच नाही, असं त्या म्हणाल्या. व्याकरणाचा एवढा एकच तास मला पूर्ण आठवतो.

डिसेंबर १९८१ च्या स्नेहसंमेलनाला बाईंनी देवलांच्या 'संशयकल्लोळ'मधला एक प्रवेश बसवला. कृत्तिका एका परपुरुषाची तसबीर न्याहाळतेय आणि मागून फाल्गुनराव ते बघतोय. बिचारीला ती तसबीर रस्त्यात सापडलेली असते, पण फाल्गुनरावाचा उजवा रकाना केव्हाच भरून वाहतोय. तालमीत बाई सांगायच्या की याच गोविंद बल्लाळ देवलांनी त्याआधी शेक्सपिअरच्या ऑथेल्लोचं मराठीत 'झुंझारराव' केलं होतं. ऑथेल्लो एका रुमालावरून बायकोचा जीव घेतो. इथे एका तसबिरीवरून सगळे एकमेकांवर संशय घेत फिरतात आणि आपण पोट धरून हसतो. वस्तू दोन्हीकडे निरुपद्रवीच. माझा एक आगाऊ प्रश्न होता, "मग ऑथेल्लोनं वही का नाही केली?" बाई म्हणाल्या, "त्याची वही दुसराच भरत होता."

माझ्याकडे भादव्याचं काम, वाक्यं मोजून, आणि रंगमंचावरच्या सामानाची जबाबदारी. तसबीर कुठून आणायची? माझ्या बाकावरचा सोबती घरून त्याच्या वडिलांचा लग्नाच्या वेळचा फोटो घेऊन आला, लाकडी चौकटीतला. दामोदर हॉलच्या विंगेत मी तो छातीशी धरून उभा असायचो. पडता पडता एकदा तो वाचवला, पण काचेला कोपऱ्यात तडा गेलाच. काच बदलून देतो म्हणालो आणि फोटो घरी घेऊन आलो.

महिन्याभरात, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार आणि पुढे डॉक्टर सामंत, हे सगळ्यांनाच माहीत आहे. आमच्या घरात संप कानांना कळला. सकाळचा भोंगा बंद झाला. आई भोंग्यावर उठायची, भोंग्यावर पाणी भरायची. आता ती भोंग्याच्या आधीच उठून बसायची आणि वाट बघायची. बाबा विव्हिंगला. मिलचा पास त्यांच्या शर्टाच्या खिशात तसाच असायचा, शर्ट धुवायला टाकताना आधी पास निघायचा. दर आठवड्याला चाळीत बातमी यायची, सोमवारी मिटतोय. काच बदलायला पैसे कुठले! फोटो ट्रंकेवर पडून राहिला.

जूनमध्ये आम्ही नववीत गेलो. त्या पावसाळ्यात पोलीस बंदोबस्तात थोडी माणसं कामावर जायला लागली होती. एका सकाळी मी करी रोडच्या पुलावर होतो आणि खाली एका मिलच्या गेटातून एक माणूस आत गेला. मी वर्गात येऊन सांगितलं की तो सोबत्याचा बाप होता. एवढंच. दोन दिवसांत त्याच्याशी बोलणं बंद झालं. तिसऱ्या दिवशी फळ्यावर खडूनं 'फितूर' लिहिलेलं होतं. अक्षर माझं नव्हतं, पण त्यानं काय फरक पडतो?

बाईंनी कुणाला मारलं नाही. मधल्या सुट्टीत मला थांबवलं आणि म्हणाल्या, "वही काढ." डाव्या रकान्यात मी लिहिलं: पाऊस. गेट. काळी छत्री. हातात पिशवी. चेहरा. बाईंनी विचारलं, चेहरा दिसला? छत्री होती ना? मी बराच वेळ पेन धरून बसलो. मग 'चेहरा' खोडलं आणि 'पाठ' लिहिलं. चेहरा मी तसबिरीतला आणून त्या पाठीवर चिकटवला होता. महिनोन्‌महिने ट्रंकेवर बघत होतो ना तो!

उजव्या रकान्यात 'राग' लिहिलं, 'फितूर' लिहिलं. बाई गप्प. मी आणखी एक शब्द लिहिला आणि त्यावर हात ठेवला. त्यांनी हात बाजूला केला नाही, म्हणाल्या, तुला वाचता आलं म्हणजे झालं. तो शब्द होता 'हेवा'. त्यांच्याकडे पगार येणार, आमच्याकडे नाही. बाबांनीही जावं, असं मला पुलावर उभं असताना वाटलं होतं. हे आज पहिल्यांदाच कुणाला सांगतोय, आणि बाबा हे वाचायला नाहीत, म्हणूनच सांगतोय.

पुढच्याच आठवड्यात इतिहासाला पानिपत होतं. योगायोग की बाईंनी मुद्दाम आणलं, देव जाणे. १४ जानेवारी १७६१. विश्वासराव पडले, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले. रिकामी अंबारी बघून फौजेला वाटलं, भाऊही गेले. आणि तिकडे भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंना शेवटपर्यंत वाटत राहिलं की भाऊ आहेत. कुंकू त्यांनी पुसलं नाही. अंबारी रिकामी दिसली म्हणून फौज मोडली आणि काहीच दिसलं नाही म्हणून पार्वतीबाई तगल्या. मग पंधरा वर्षांनी भाऊंचा तोतया उभा राहिला तेव्हा त्याच्यामागे माणसं गेली, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. शेवटी १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्ताची शिक्षा झाली. "एवढी माणसं फसली कशी?" बाईंनी विचारलं. कुणीतरी म्हणालं, "वेडे होते." कोकणातली पोरं वर्गात निम्मी, त्यामुळे हशा पिकला. बाई म्हणाल्या, "वेडे नव्हते. त्यांना भाऊ हवा होता." मला बाबांच्या खिशातला पास आठवला. घरी गेल्यावर बाबा म्हणाले, "सोमवारी मिटतोय."

त्या संपाचा शेवट अमुक दिवशी झाला असं कधी जाहीर झालंच नाही. बाबांनी तो पास किती वर्षं जपला, हे मोजायला मी धजलो नाही.

बाईंशी माझं एका बाबतीत जमलं नाही. दोन रकाने वेगळे ठेवले की माणूस शहाणा होतो, असं त्यांना वाटायचं. कोर्टात इतकी वर्षं काढल्यावर मला तसं दिसलेलं नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात साठावं कलम होतं: पाहिलेल्या गोष्टीची साक्ष पाहणाऱ्यानंच द्यायची. चोख कलम. पण शपथेवर, अगदी प्रामाणिकपणे, न पाहिलेला चेहरा पाहिला म्हणून सांगणारी माणसं मी कित्येक टाइप केली. ती खोटं बोलत नसतात. त्यांच्याही ट्रंकेवर कुठली तरी तसबीर असते.

दिवाळीच्या आधी सोबत्याचं बिऱ्हाड गावी गेलं, त्या वर्षी गिरणगावातली कितीतरी बिऱ्हाडं गेली तसंच. जायच्या आदल्या संध्याकाळी तो आमच्या दारात आला. म्हणाला, "आईनं तसबीर मागितलीय." आत आला नाही. माफी मागायची असं मी ठरवलं होतं, पण 'काच राहिली रे बदलायची' एवढंच तोंडातून निघालं. "असू दे," तो म्हणाला. मी तसबीर वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली आणि गुंडाळण्याआधी नीट पाहिली. फोटोत मिशी नव्हती. गेटातून आत गेलेल्या माणसाला मिशी होती की नाही, ते मला आजही सांगता येत नाही.