आधी कान लाव

गिऱ्हाइकानं पिकअपमधून दोन क्रँक, म्हणजे पिस्टनची खालीवर हालचाल फिरण्यात बदलणारे इंजिनातले दांडे, उतरवले आणि माझ्या बाकावर शेजारी शेजारी ठेवले. एकेकाचं वजन तीस किलोच्या आसपास. साठीच्या माणसानं कुणाची मदत न घेता ते आत आणले, यावरूनच मला कळलं की काम साधं नाही.

गाडी होती १९७० ची शेव्हरोले शेव्हेल एसएस, इंजिन ४५४ घन इंचांचं, म्हणजे ७.४ लिटर. मध्यम आकाराच्या गाडीत ४०० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही, ही जनरल मोटर्सची स्वतःची मर्यादा होती. ती १९७० च्या मॉडेलांपासून उठली आणि हे इंजिन या गाडीत आलं. ती त्यांच्या वडिलांनी त्याच वर्षी कोरी घेतलेली. वडील गेल्यावर गाडी मुलाकडे आली. आता त्यांना त्याच ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मूळ सांगाड्यावर, सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) बसवून ७०० अश्वशक्ती काढायच्या होत्या, आणि ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची जी मिरवणूक निघते तिच्यात गाडी न्यायची होती. आमचं वर्कशॉप त्या रस्त्यापासून जवळच, मिशिगनमध्ये. ऑगस्ट जवळ आला की आमच्याकडे सगळ्यांनाच घाई असते.

पहिला क्रँक वडिलांच्या इंजिनातला. दुसरा त्यांनी जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून आणलेला, "फोर्ज्ड आहे" या खात्रीवर. त्यांना माझ्याकडून एवढंच हवं होतं की दुसरा पॉलिश करून बसवून द्यायचा.

मी आधी वडिलांचा पाहिला. क्रँक ओतीव की घडीव हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. वेबवर, म्हणजे क्रँकच्या दोन गोल भागांना जोडणाऱ्या जाड पाकळीवर, बोट फिरवायचं. साच्याच्या दोन भागांची खूण ओतीव क्रँकवर बारीक रेघेसारखी असते, घडीववर बोटभर रुंद पट्टा असतो. वडिलांच्या क्रँकवर रेघ होती. म्हणजे बीड, अर्थात चिवट जातीचं. दुसऱ्यावर रुंद पट्टा. तेवढं विकणारा खरं बोलला होता.

मी दुसरा क्रँक धुतला, चेनब्लॉकला टांगला आणि हातोडीनं हलकेच वाजवला.

हे मी कोल्हापुरात शिकलो. शिवाजी उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये ट्रॅक्टरचे आणि उसाला पाणी देणाऱ्या डिझेल इंजिनांचे क्रँक ग्राइंडिंगला यायचे. मी मायक्रोमीटर उचलायला गेलो की आमचे मिस्त्री हात धरायचे. "पोरा, आधी कान लाव." धड घडीव क्रँक देवळातल्या घंटेसारखा वाजतो आणि आवाज रेंगाळतो. बिडाचा मुळातच थोडा आखूड. पण तडा गेलेला क्रँक घडीव असो की बिडाचा, नुसता ठप्प करतो.

हा ठप्प वाजला.

मी दुसऱ्या जागी मारून पाहिलं. तेच. त्यांनीही ऐकलं होतं, पण त्याचा अर्थ त्यांना अजून कळला नव्हता. कानानं संशय येतो, पुरावा मिळत नाही. म्हणून क्रँक मॅग्नाफ्लक्सवर, म्हणजे तडे शोधायच्या यंत्रावर, घेतला. करंट देऊन तो चुंबकित करायचा आणि वरून लोखंडाच्या चमकत्या कणांचं पाणी सोडायचं. तडा असेल तिथं चुंबकत्व फाटतं आणि कण तिथंच गोळा होतात. दिवे मालवले, अतिनील दिवा लावला. शेवटच्या बिगएंड जर्नलच्या, म्हणजे पिस्टनचा रॉड ज्यावर बसतो त्या गोल भागाच्या, कोपऱ्यात हिरवी रेघ उजळली. सुतासारखी बारीक, पण जर्नलच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शापर्यंत गेलेली.

कारण पाहायला भिंग लागलं नाही. जर्नल आणि वेब जिथं मिळतात तिथं गोलाई असावी लागते, तिला आम्ही फिलेट म्हणतो. क्रँकवर येणारा पीळ आणि वाक त्या कोपऱ्यातूनच वाहतो. हा क्रँक कुणीतरी पूर्वी १० थाऊ, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचे दहा, इतका बारीक केला होता, आणि तो करताना ग्राइंडिंगच्या चाकाची कड गोल करायची राहिली होती. कोपरा सुरीनं कापल्यासारखा काटकोनी. मिस्त्री आम्हाला प्रत्येक क्रँकच्या आधी हिऱ्याच्या ड्रेसरनं चाकाची कड गोल करायला लावायचे, आणि आम्ही कंटाळायचो. तो कंटाळा त्या दिवशी हिरव्या रेघेच्या रूपात माझ्या समोर होता.

त्यांनी विचारलं, "अजून थोडं घासलं तर निघणार नाही का?" मी नाही म्हणालो. फिलेटमधला तडा आत किती गेलाय हे वरून कळत नाही, आणि ७०० अश्वशक्तीच्या इंजिनात मला ते शोधून पाहायचं नव्हतं. इंजिन मिनिटाला ५,००० वरून ६,५०० फेऱ्यांवर गेलं की फेरे ३० टक्के वाढतात, पण पिस्टन वर थोपवून मागे ओढायला लागणारी ताकद जवळजवळ ७० टक्के वाढते. क्रँक तुटला तर तो एकटा जात नाही. रॉड ब्लॉकमधून बाहेर येतो, आणि हा ब्लॉक त्यांच्या वडिलांचा होता.

"मग बाबांचाच घाला," ते म्हणाले. त्या क्षणी हो म्हणायचा मोह मला झाला. तो वाजवला तर स्वच्छ वाजला, दिव्याखालीही निर्मळ निघाला. वडिलांनी चालवली तशी गाडी चालवायची असती, तर मी आनंदानं बसवला असता. पण सुपरचार्जरचा पट्टा क्रँकच्या नाकाला, म्हणजे पुढच्या टोकाला, सतत एका बाजूला ओढतो. बिडाच्या क्रँकवर तो भार आणि वर ७०० अश्वशक्ती हे मी करणार नव्हतो.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. त्यांच्या मनात ४.२५ इंचांच्या स्ट्रोकचा (पिस्टन खालीवर जातो त्या अंतराचा) नवा क्रँक होता. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ३० थाऊनं वाढवला की ४८९ घन इंच होतात, आणि तो आकडा इकडच्या लोकांना फार आवडतो. मी ४ इंचांचा मूळ स्ट्रोकच ठेवा म्हणालो, त्यात ४६० होतात. त्याचं कारण मी त्यांना चित्र काढून दाखवलं. मेन जर्नल, म्हणजे क्रँक ब्लॉकमध्ये ज्यावर फिरतो ते, सुमारे ७० मिलिमीटरचं, बिगएंड ५६ चं. क्रँककडे टोकाकडून पाहिलं तर ही दोन वर्तुळं एकमेकांवर चढलेली दिसतात, आणि तेवढाच पोलादाचा सलग गाभा एका जर्नलकडून दुसऱ्याकडे जातो. ४ इंचांच्या स्ट्रोकला ही चढ १२ मिलिमीटर असते, ४.२५ ला ९ सुद्धा भरत नाही. ज्या इंजिनात हवा दाबून भरायची आहे तिथं जास्तीच्या घन इंचांची गरज नाही, गाभ्याची आहे. शिवाय लांब स्ट्रोकला रॉड फिरायला जागा व्हावी म्हणून ब्लॉक खालून थोडा घासावा लागला असता. हे ऐकल्यावर त्यांनी ४८९ वर स्वतःच काट मारली.

पोलाद ४३४० घेतलं. स्वस्तातल्या ५१४० मध्ये क्रोमियम असतं, ४३४० मध्ये त्याबरोबर निकेल आणि मॉलिब्डेनमही, त्यामुळे ते पार गाभ्यापर्यंत चिवट राहतं. वर नायट्रायडिंग केलेलं, म्हणजे नायट्रोजननं पृष्ठभाग कडक केलेला, फिलेटसकट. आणि नाकावर एकाऐवजी दोन चाव्यांच्या खाचा, पट्ट्याच्या ओढीसाठी. आणखी एक गोष्ट मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिली: मूळ ४५४ चा तोल बाहेरून, पुढच्या डँपरवर (कंप शोषणाऱ्या चाकावर) आणि मागच्या प्लेटवर वजन लावून साधलेला असतो. नवा क्रँक आतूनच तोललेला येणार होता, म्हणून डँपर आणि प्लेट दोन्ही बिनवजनाच्या घ्यायच्या. जुन्या तशाच लावल्या तर उत्तम क्रँकही मेन बेअरिंगं खाऊन टाकतो.

नवा क्रँक आल्यावर मी तोही आधी टांगला. त्यांना फोन केला, ते आले, आणि हातोडी मी त्यांच्या हातात दिली. घंटा वाजली. आवाज विरेपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही. मग जर्नलं मोजली, फिलेट पाहिले, दिव्याखाली घेतला.

जुलैच्या अखेरीस इंजिन डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, चढलं. ७०० च्या थोडं वर गेलं, तेलाचा दाब हलला नाही. उतरवल्यावर मी ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उलगडला आणि दारात उन्हात धरला. बेअरिंग झिजत असेल तर त्या घड्यांमध्ये चकाकी दिसते. कागद नुसता तेलकट होता. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि एकेक घडी उघडून स्वतः पाहिली. वडिलांचा क्रँक मी तेल लावून, कापडात गुंडाळून पिकअपमध्ये ठेवला होता. तो दाराजवळच्या सीटवर होता, पट्टा बांधलेला.