'कॉन्स'नंतरचे अक्षर

इंग्लंडमध्ये राहत असताना जुन्या वस्तूंच्या बाजारातून मी न धुतलेल्या रोमन नाण्यांची एक पुडी घेतली होती. त्यांतील एक नाणे ओळखण्यात माझे चार महिने गेले, आणि त्यांपैकी नऊ आठवडे एका संग्रहालयाच्या उत्तराची वाट पाहण्यात गेले, याचा राग अजून पुरता गेलेला नाही. अखेर आलेल्या पत्रात 'चौथ्या शतकातील रोमन ब्राँझ नाणे' एवढीच ओळ होती. तेवढे मला पहिल्याच दिवशी कळले होते. मागच्या बाजूला दोन सैनिक, त्यांच्यामध्ये दोन ध्वज आणि भोवती 'ग्लोरिया एक्झर्सिटुस', म्हणजे 'सैन्याचा गौरव', हा लेख असला की नाणे साधारण 330 ते 335 या काळातले ठरते. पुढच्या बाजूला नावापुढे 'मॅक्स' (मॅक्सिमस, म्हणजे 'सर्वात थोर') वाचता येत होते आणि डोक्यावर राजपट्ट होता, त्यामुळे सम्राट थोरला कॉन्स्टंटाइनही निश्चित झाला. त्याच नावाच्या त्याच्या मुलाच्या अशा नाण्यांवर पानांची माळ असते.

अडले ते टांकसाळीपाशी. सैनिकांच्या पायांखालच्या रेघेखाली टांकसाळीची खूण असते. तिथे मला सी, ओ, एन, एस ही चार अक्षरे आणि त्यांच्यापुढे एक उभा दांडा दिसत होता, ज्याच्या माथ्यावरून उजवीकडे एक लहानशी आडवी रेघ गेली होती. ते अक्षर ग्रीक गॅमा, म्हणजे ग्रीक वर्णमालेतले तिसरे अक्षर असावे, म्हणजे नाणे कॉन्स्टँटिनोपलच्या टांकसाळीतल्या तिसऱ्या कार्यशाळेतले, असे मी धरून चाललो आणि त्या शहराच्या नाण्यांच्या यादीत कित्येक संध्याकाळी घालवल्या. सैनिकांच्या मधली माळेसारखी खूण तिथे काही केल्या जुळेना. चूक उमगली ती दिवा बाजूला सरकवून नाण्यावर अगदी तिरपा प्रकाश पाडला तेव्हा: दांड्याच्या डावीकडेही रेघेचा झिजलेला अंश होता. ते अक्षर गॅमा नसून टी होते. मग लक्षात आले की सगळी अक्षरे मध्यभागी नसून उजवीकडे सरकलेली आहेत, कारण डावीकडचे पहिले अक्षर नाण्याच्या कडेबाहेर गेले आहे. दक्षिण गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, आर्ल शहराला 328 च्या सुमारास कॉन्स्टँटिना हे नाव मिळाले आणि तिथली खूण 'कॉन्स्ट' झाली; तिच्या आधी कार्यशाळेचे पी किंवा एस हे अक्षर येते. कॉन्स्टँटिनोपलच्या 'कॉन्स'मध्ये मात्र ते अक्षर शेवटी येते. एवढी साधी गोष्ट त्या पत्रात लिहायला किती शाई लागली असती, कोण जाणे! आर्लच्या यादीत ध्वजांमधली पर्णमाला लगेच सापडली. कडेबाहेरचे अक्षर पी की एस, हे मात्र ते नाणे कधीच सांगणार नाही.

हे आधीच सांगायला हवे होते की नाणे वाचण्यापूर्वी ते केवळ ऊर्ध्वपातित पाण्यात भिजत ठेवावे आणि पाणी अधूनमधून बदलावे. घरात तांब्याची भांडी चिंचेने घासण्याची सवय असल्यामुळे पहिले नाणे मी तसेच घासले. त्यावरचा हिरवा थर गेला आणि त्याच्यासोबत सम्राटाचे नाकही गेले. सैनिकांमध्ये एकच ध्वज असेल, तर नाणे 335 नंतरचे आणि सहसा लहान असते, म्हणून यादी उघडण्यापूर्वी ध्वज मोजावेत.