चौदावा मंगळवार

सोमवारी रात्री साडेआठला चाळीतल्या गणपतीची आरती करून बोरिवलीहून निघायचं, एस. व्ही. रोड धरायचा आणि काकड आरतीआधी सिद्धिविनायकाच्या रांगेत लागायचं. पंचवीसेक किलोमीटर. मी एकवीस मंगळवार बोललेय. कशासाठी ते चाळीत सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे कोणी विचारत नाही. त्यापेक्षा विचारलेलं परवडलं. आरतीत ‘दास रामाचा वाट पाहे सदना’ आलं की मी मुद्दाम जोरात म्हणते. ऐकू जावं म्हणून.

आता सगळे मंगळवार एकमेकांत मिसळून गेलेत. बरोबरच्या पोरांचा स्पीकर जोगेश्वरीला बंद पडला आणि मी मनातल्या मनात मोरया म्हटलं, ती खेप कितवी, आठवत नाही. चौदावी मात्र आठवते. त्या शनिवारी डॉक्टरांचा फोन आला होता. याही वेळी नाही. नवरा म्हणाला, "या सोमवारी राहू दे." मी हट्टानं नवे बूट घातले. भक्ती कमी, राग जास्त.

अंधेरीला शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाप्पा परीक्षा बघतो गं." सात वर्षं? बोर्डाचीसुद्धा महिन्यात आटपते. पण गप्प बसले. काकूंचे गुडघे गेलेत, तरी दर सोमवारी माझ्यासाठी निघतात.

पार्ल्यानंतर पाऊस लागला. बूट आतून भिजले आणि सांताक्रूझला डाव्या टाचेनं संप पुकारला. मंडळी पुढे गेली, काकूही. मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि रडले. टाचेसाठीच, असं समजू.

"ताई, पाणी साचलंय तिथं, हितं बसा." वॉचमननं आपली प्लॅस्टिकची खुर्ची पुढे केली. साठीचा माणूस. टाच पाहिली, जिभेनं ‘च्च’ केलं आणि डब्याच्या पिशवीतून सुई-दोरा काढला. गणवेशाची बटणं लावायला ठेवलेला, पांढरा. लायटरवर सुई धरली.

"फोडायचा न्हाई. ह्या अंगानं घालायची, त्या अंगानं काढायची. दोरा आतच ठिवायचा. पाणी आपसूक गळतं. वारीत आमी असंच करतो."

"तुम्ही जाता?"

"जायचो. आता आषाढीला सुट्टी गावत न्हाई." माढ्याकडचे होते. दोऱ्याची दोन्ही टोकं बोटभर ठेवून तोडली, स्वतःचे सुके मोजे दिले. मी पैसे काढले तर असं बघितलं की पाकीट पुन्हा आत गेलं. मी कशासाठी चालते ते त्यांनी विचारलं नाही. का कोण जाणे, त्यांना सांगावंसं वाटलं. "चार पावलं टाकून बघा," एवढंच म्हणाले.

मग वांद्रे, कॉजवेवर खाडीचा वास, माहीमचं चर्च (त्यांची गर्दी बुधवारची), शितळादेवी, प्रभादेवी.

रांगेत उभं राहिलं की मला देऊबाई पाटील आठवतात. 1801 साली लक्ष्मण विठू आणि देऊबाईंनी हे देऊळ उभारलं. माटुंग्याच्या आगरी समाजातल्या. मूल नव्हतं, म्हणून इतर बायकांना तरी व्हावं यासाठी पैसा दिला, असं सांगतात. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा चिडले होते. म्हणजे त्यांनाही नाहीच? आणि वर देऊळ बांधायचं? त्या रात्री चिडायला त्राण नव्हतं. देवळाचं काम चालू असताना त्या संध्याकाळी येऊन बसत असतील का, एवढंच मनात येत राहिलं.

समोर आलं तेव्हा दोन सेकंद मिळाले. उजवी सोंड, शेंदूर, "चला, चला पुढे." चांदीच्या उंदराशी वाकले. एका हातानं त्याचा पलीकडचा कान झाकला, अलीकडच्याला तोंड लावलं. नेहमीचं सगळं सांगायला घेतलं आणि कंटाळा आला. त्यालाही आला असेल.

"मागचंच," म्हटलं.

दादरहून बोरिवली स्लो मिळाली. काकू खिडकीला टेकून घोरत होत्या. मी मोजा खाली सरकवून पाहिलं. फोड बसला होता, दोरा तसाच होता.