गळापासून मीटरभरात साठ ग्रॅम शिसं

बाबा जानेवारीत आमच्याकडे न्यूझीलंडमध्ये, डनिडनला आले होते. चाळीस वर्षं हर्णैच्या बंदरातून होडी हाकलेला माणूस. समुद्र दिसला की आधी वारा कुठून आहे ते बघणार, मग बाकीचं. पहिल्याच रविवारी मी त्यांना ताइआरोआ हेडला घेऊन गेले. ओटागो द्वीपकल्पाचं हे अगदी शेवटचं टोक. माओरी लोक त्याला पुकेकुरा म्हणतात. रस्ता सगळा पाण्याच्या काठाकाठाने जातो, त्यामुळे बाबा गाडीत एकदाही झोपले नाहीत.

या टेकडीवर नॉर्दर्न रॉयल अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याची घरटी आहेत. इथे त्यांना तोरोआ म्हणतात. पंख पसरले की तीन मीटर भरतात. रॉयल अल्बाट्रॉसची बाकीची सगळी वीण माणसांपासून लांब, बेटांवर होते. शहरापासून गाडीने पोचता येईल अशी त्यांची ही एकच वसाहत. तीही सहज उभी राहिलेली नाही. इथे पहिलं अंडं सापडलं 1920 साली, पण पुढे कितीतरी वर्षं अंडी चोरीला जात, फुटत, कुत्री पिल्लं मारत. मग लान्स रिचडेल नावाच्या माणसाने घरट्यापाशी तंबू ठोकून पहारा दिला आणि 1938 मध्ये पहिलं पिल्लू समुद्रावर गेलं. 1937 मध्ये ओळखीसाठी पायात कडं घातलेली एक मादी तर 1989 पर्यंत इथे येत राहिली. तिला सगळे 'ग्रँडमा' म्हणत.

त्या रविवारी वारा पूर्ण पडलेला होता आणि ऊन कडक. काचेपलीकडे गवतात एक पक्षी अंड्यावर बसला होता. चोच उघडी, गळा धपधप हलतोय. त्याच्याजवळ बागेत असतो तसला पाण्याचा फवारा चालू होता. बाबांनी विचारलं, "बाय, हे गवताला पाणी का?" मी म्हटलं, "नाही बाबा, पक्ष्याला."

अल्बाट्रॉस वाऱ्याचा प्राणी आहे. वारा नसला तर त्याला उडणंही जड जातं आणि उन्हात अंग गार ठेवणंही. नर आणि मादी पाळी लावून अंडं उबवतात, सुमारे ऐंशी दिवस. उकाडा सोसेनासा झाला आणि पक्षी उठला, तर अंडं उन्हात उघडं पडतं. दोन वर्षांतून एकच अंडं, ते गेलं की गेलं. म्हणून इथले रेंजर गरम दिवशी फवारे लावतात. पिल्लू अंडं फोडायला लागलं की माश्या त्यावर अंडी घालतात आणि अळ्या पिल्लाला खातात. म्हणून त्या वेळी खरं अंडं उबवणीयंत्रात हलवतात आणि पक्ष्याखाली खोटं ठेवतात. पिल्लू नीट बाहेर आलं की परत आईबापाखाली. हे सगळं ऐकताना बाबांनी टोपी काढून हातात घेतली होती. देवळात काढतात तशी.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला ज्याची मला धास्ती होती. "एवढ्या मोठ्या पक्ष्याला समुद्रात मारतं कोण?"

मी म्हटलं, "गळ."

लॉन्गलाइन म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. तरुणपणी त्यांनीही दोरीला दोन-तीनशे गळ लावून वाम धरली आहे. फरक आकाराचा. ट्यूनाच्या मोठ्या बोटी पन्नास, कधी शंभर किलोमीटर दोरी सोडतात आणि तिला हजारो गळ. बोटीच्या मागून आमिष पाण्यात पडतं आणि बुडायच्या आधी काही क्षण वरच तरंगतं. अल्बाट्रॉस म्हाकूल खाणारा, पाण्यावरचं उचलणारा पक्षी. तो आमिष गिळतो, गळ अडकतो, आणि दोरी खाली जाते तसा तोही जातो. खोल बुड्या मारणारे पेट्रेल नावाचे छोटे समुद्रपक्षी तर खाली गेलेलं आमिषही वर घेऊन येतात, आणि अल्बाट्रॉस ते त्यांच्याकडून हिसकावतात. म्हणजे थोडं खोल गेलं की सुटका, असंही नाही.

उपाय आहेत, आणि ते मला फार आवडतात कारण ते मासेमारांच्या हातातले आहेत. पहिला जपानी मासेमारांनीच काढला: बोटीच्या मागे उंच काठीवरून एक दोर सोडायचा, त्याला रंगीत फडफडणाऱ्या पट्ट्या, म्हणजे पक्षी आमिषाजवळ येत नाहीत. त्याला तोरी लाइन म्हणतात. तोरी म्हणजे जपानीत पक्षी. दुसरा, दोरी रात्री सोडायची. तिसरा, गळाजवळ वजन लावायचं, म्हणजे आमिष झटकन बुडतं. अल्बाट्रॉस आणि पेट्रेल यांच्या रक्षणासाठी 2001 साली कॅनबेरात एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचे तज्ज्ञ सांगतात की हे तिन्ही एकत्र करा, आणि वजनाचं मापही देतात: गळापासून एक मीटरच्या आत किमान साठ ग्रॅम.

बाबा थांबले. "साठ ग्रॅम शिसं, गळाच्या एवढं जवळ? मासा ओढताना दोरी तुटली तर ते शिसं गोळीसारखं परत येईल. खलाशाच्या डोळ्यात जाईल."

मी पक्ष्यांबद्दल किती वाचलं आहे, पण हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. घरी येऊन शोधलं. अगदी हाच धोका आहे, त्याने माणसं जखमी झालेली आहेत, आणि त्यासाठीच सरकती वजनं बनवली गेली आहेत: दोरी तुटली की वजन दोरीवरून घसरतं आणि झटका मरतो. वाचून दाखवलं तेव्हा बाबा म्हणाले, "हां, मग लावतील." मला वाटतं या सगळ्या विषयात हे शब्द फार मोलाचे आहेत. नियम कागदावर करणं सोपं आहे. डेकवर पहाटे तीनला, थंडीत, ओल्या हातांनी तो पाळणाऱ्या माणसाला आधी कुणीतरी विचारायला हवं की तुझी अडचण काय.

विचारलं की काय होतं याचं उदाहरण नामिबियाचं आहे. तिथल्या लॉन्गलाइन बोटींवर दरवर्षी हजारो समुद्रपक्षी मरत. अल्बाट्रॉस टास्क फोर्स या पक्षी वाचवणाऱ्या गटाची माणसं स्वतः बोटींवर जाऊन राहिली, मासेमारांबरोबर उपाय करून बघितले, 2015 मध्ये नियम आला आणि पक्ष्यांचे मृत्यू 98 टक्क्यांनी घटले. पट्ट्यांचे ते दोर वॉल्व्हिस बे गावातल्या बायकांचा एक गट बनवतो आणि त्यावर त्यांची चार पैशांची मिळकत होते. हे आईला फोनवर सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "जाळी शिवणाऱ्या हातांना ते काय अवघड?"

पण नुसता विश्वासही पुरत नाही, हेही लिहायला हवं. न्यूझीलंडने किनाऱ्याजवळच्या मासेमारी बोटींवर कॅमेरे बसवायला सुरुवात केली, तेव्हा अल्बाट्रॉस सापडल्याच्या नोंदी साडेतीन पट झाल्या. पक्षी एकाएकी जास्त मरायला लागले नव्हते. आधी नोंद होत नव्हती. बाबांना हे आवडलं नाही. कॅमेऱ्याखाली काम करायला कुणालाच आवडत नाही, असं म्हणाले, आणि बराच वेळ गप्प बसले. मी मात्र कॅमेऱ्याच्या बाजूने आहे. आणि खोल समुद्रात, जिथे कुठल्याच देशाची हद्द नाही, तिथे तर आणखी. अँटिपोडियन अल्बाट्रॉस तिथेच सर्वाधिक मरतो आहे, आणि त्यातही माद्या.

आपल्या हिंदी महासागराचंही सांगते. अ‍ॅमस्टरडॅम, क्रोझे अशा बेटांवर वीण करणारा इंडियन यलो-नोज्ड अल्बाट्रॉस आपल्या किनाऱ्यावर काही येत नाही, पण हिंदी महासागराच्या ट्यूना आयोगात भारत सदस्य आहे. 2012 मध्ये या आयोगाने ठरवलं की 25 अंश दक्षिणेच्या खालच्या बोटींनी तीनपैकी दोन उपाय करावेत. तीनपैकी दोन! तिसरा का सोडला, याचं पटणारं उत्तर मला मिळालेलं नाही.

शेवटच्या आठवड्यात मी बाबांना न्यूझीलंडच्या पूर्वेकडच्या चॅथम बेटांबद्दल सांगितलं. नॉर्दर्न रॉयल अल्बाट्रॉसची जवळजवळ सगळी वीण तिथल्या तीन छोट्या खडकाळ बेटांवर होते. आमच्या टेकडीवरचे पक्षी म्हणजे शेकड्याला एक. 1985 मध्ये तिथे एवढं मोठं वादळ झालं की बेटांवरची माती आणि झुडपं धुऊन गेली. पक्षी उघड्या खडकावर अंडी घालायला लागले, ती फुटायची, पुढची कित्येक वर्षं पिल्लं फार थोडी झाली. ते वादळ हवामानबदलाने आणलं असं मी म्हणणार नाही. पण समुद्र तापतो आहे, वादळांचा जोर वाढण्याची चिन्हं आहेत, आणि या पक्ष्याचं सगळं तीन खडकांवर आहे. तिथे फवारा कोण लावणार?

बाबांनी 3 जून 2020 ची आठवण काढली. निसर्ग वादळात आमच्या घराचे पत्रे गेले, मागची सुपारीची बाग आडवी झाली. "बाग परत लावली," ते म्हणाले, "माती होती म्हणून."

सप्टेंबरमध्ये पहिला तोरोआ समुद्रावरून परत आला की डनिडनमध्ये चर्च आणि शाळांच्या घंटा वाजतात. यंदा त्या वाजल्या तेव्हा मी फोन खिडकीबाहेर धरला. हर्णैला तेव्हा पहाट होती. बाबा ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "आणि त्या फवाऱ्याखालचं पिल्लू?"

ते गेलं होतं, चारच दिवसांपूर्वी. पूर्वेला, बहुधा चिलीच्या किनाऱ्याकडे. आता चार-पाच वर्षं ते जमिनीवर पाय ठेवणार नाही. बाबांनी त्याच्या पायातल्या कड्यांचे रंग विचारून घेतले आणि मला थांबायला सांगितलं. भरती-ओहोटी लिहायची वही आणत होते.